किकापूच्या खोऱ्यात धनुष्य घेऊन टर्कीमागे

मंगळवार

वसंतातल्या टर्कीच्या शिकारीचं पहिलं काम डिसेंबरच्या थंडीत उरकायचं असतं. विस्कॉन्सिनमध्ये अर्जाची मुदत १० डिसेंबरला संपते. हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी सुरू होतो आणि सात-सात दिवसांच्या सहा तुकड्यांत, ए पासून एफपर्यंत, मेअखेर चालतो. कुठल्या झोनमध्ये आणि कुठल्या तुकडीत जायचं ते अर्जातच सांगायचं, आणि सोडतीत जी तुकडी लागेल तेवढेच सात दिवस आपले. अर्ज भरताना मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "सी माग. ए सगळ्यांनाच हवी असते, पण तेव्हा झाडं उघडी-बोडकी असतात आणि एकेका नराभोवती माद्यांचा घोळका असतो. धनुष्यवाल्यानं तिथं जाऊन काय करायचं?"

काका मूळचे कोल्हापूरचे, व्यवसायानं इंजिनियर, राहायला ला क्रॉसच्या बाजूला. मॅडिसनमधल्या एका गणपतीत ओळख झाली. तिथं त्यांना सगळे काकाच म्हणतात, म्हणून मीही. कित्येक वर्षं ते धनुष्यानं हरणाची आणि टर्कीची शिकार करतात. मी गेल्या वर्षी धनुष्य हातात धरलं आणि हिवाळ्यात शिकारीचा सक्तीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. १ जानेवारी १९७३ला किंवा नंतर जन्मलेल्या कुणालाही त्या प्रमाणपत्राशिवाय इथं एकट्यानं शिकारीचा परवाना मिळत नाही.

सांगलीला आईला फोनवर सांगितलं तर तिनं आधी विचारलं, "पकडणार नाहीत ना गं?" तिचंही बरोबर आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार म्हटली की थेट कोर्टच आठवतं. इथली घडी वेगळी आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला आणि १९७२ सालीच त्यात धनुष्यबाणही आले. मी घेतलेल्या धनुष्याच्या कारखान्यातल्या किमतीवर ११ टक्के कर त्या खात्यात गेलेला आहे. हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग खाणार तरी आहात ना?" तो प्रश्न मला जास्त रास्त वाटला.

मॅडिसनहून हायवे १४ धरला की स्प्रिंग ग्रीन आणि रिचलंड सेंटर मागे टाकत दोनेक तासांत विरोक्वा येतं. वाटेत जमिनीचा चेहरा बदलतो. हिमयुगातल्या बर्फाच्या चादरी या भागाला वळसा घालून गेल्या, त्यामुळे इथले डोंगर खरवडले गेले नाहीत. अरुंद धारा, उतारावर ओकचं रान, खाली घळी, घळींत झरे आणि माथ्यावरच्या सपाटीवर शेतं. शेतं उताराला आडवी, समपातळीत आखलेली: एक पट्टा मक्याचा, एक लसूणघासाचा. जवळच्या कून व्हॅलीत १९३३ साली अमेरिकेतला पाणलोट संधारणाचा पहिला पथदर्शी प्रकल्प झाला, तिथून हे पट्टे रुजले. टर्कीला अशी जमीन फार मानवते. रात्री झोपायला उतारावरचं झाड, सकाळी चरायला आणि मिरवायला माथ्यावरचा पट्टा.

तरीही इथं टर्की उरलीच नव्हती. रानं तोडली गेली, बेसुमार शिकार झाली, आणि १८८१ साली डार्लिंग्टनजवळ शेवटची दिसल्याची नोंद आहे. १९७६मध्ये विस्कॉन्सिननं मिसुरी राज्याशी अदलाबदल केली: आमच्याकडचे रफ्ड ग्राउस पक्षी तुम्ही घ्या, तुमच्या रानटी टर्की आम्हाला द्या. त्या याच व्हर्नन काउंटीत सोडल्या. १९८३ला पहिला हंगाम उघडला. म्हणजे ज्या शेतावर आम्ही उतरलो तिथल्या टर्कींचे पूर्वज मिसुरीहून आलेले.

शेत वेस्टबी आणि ला फार्जच्या मधे, एका डेअरीवाल्या शेतकऱ्याचं. परवानगी काकांची जुनी; दर वर्षी ते नव्यानं विचारतात आणि काकूंनी केलेले बेसनाचे लाडू नेतात. शेतकऱ्यानं एक लाडू तिथंच तोंडात टाकला आणि हात झटकत डोंगराची पूर्वेकडची सोंड दाखवली. रोज पहाटे गोठ्यात दूध काढताना तिकडूनच ओरडणं ऐकू येतं म्हणाला.

संध्याकाळी सोंडेवर जाऊन नुसतं बसायचं होतं. टर्की रात्री झाडावर झोपते. सूर्य मावळताना ती पंख फडफडवत ओकवर चढते आणि तो आवाज शांत हवेत लांबून कळतो. अंधार पडता पडता काकांनी तोंडानं बार्ड घुबडाचा आवाज काढला. आठ हुंकार, शेवटचा खाली ओढलेला. पलीकडच्या उतारावरून लगेच गॉबल आला, म्हणजे नराचं ओरडणं. नराला त्या दिवसांत कुठलाही अचानक आवाज सहन होत नाही. घुबड, कावळा, गाडीचं दार, ढगांचा गडगडाट, कशालाही तो उत्तर देतो. आपल्याकडे वळीव गडगडला की मोर ओरडतो, तीच जात. (मोर आणि टर्की एकाच कुळातले, फेझनिडी.) गॉबल ऐकून झाड कुठलं ते साधारण कळलं, आणि आम्ही आल्या पावली मागे फिरलो.

जेवण झाल्यावर काकांनी माझं सामान तपासलं. धनुष्य कंपाउंड, ४२ पौंडांचं. पूर्ण ओढलं की चाकं फिरतात आणि हातावर आठ-नऊ पौंडच राहतात, त्यामुळे अर्धा-पाऊण मिनिट ताणून धरता येतं. काका म्हणाले, टर्कीला तेवढं वजन पुष्कळ. जास्त वजनाचं धनुष्य घेऊन बसल्या जागी ओढताना खांदे वर उडवणारे लोक त्यांनी खूप पाहिलेत. "उभं राहून ओढता येतं म्हणजे ओढता येतं असं नाही. स्टुलावर बस, गुडघे समोर, हात हळू. असं जेवढं ओढता येईल तेवढंच तुझं वजन."

बुधवार

पावणेचारला उठलो. सूर्योदय सहाच्या आगेमागे; कायद्यानं त्याच्या अर्धा तास आधीपासून बाण सोडता येतो. पण टर्की त्याआधीच जागी होते, म्हणून पूर्ण अंधारात जागेवर पोचावं लागतं. लपणीचा तंबू, इथं सगळे ब्लाइंडच म्हणतात, आम्ही झोपेच्या झाडापासून सव्वाशे यार्डांवर, लसूणघासाच्या पट्ट्याच्या कडेला लावला.

बंदूकवाला झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसतो. चाळीस यार्डांवर नर आला की त्याचं काम झालं, त्याला फक्त बोट हलवायचं असतं. धनुष्यवाल्याला नर वीस यार्डांच्या आत लागतो आणि तिथं आल्यावर हातभर लांब हालचाल करावी लागते. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मान जरा वळवली की चहूकडचं दिसतं, रंगही दिसतात. नाक मात्र जवळजवळ निकामी. हरणाच्या शिकारीत वाऱ्याचा जो धाक असतो तो इथं नाही. आणि ब्लाइंडला ती घाबरत नाही, हे मला खरंच वाटत नव्हतं. उघड्या शेतात रातोरात एक काळा डबा उगवला तर हरीण आठवडाभर फिरकणार नाही. टर्की त्याच्या शेजारून चरत जाते.

म्हणून नवशिक्यानं टर्कीसाठी धनुष्य घेतलं तर ब्लाइंडही घ्यावा, यावर माझं मत आता पक्कं आहे. झाडाआडून धनुष्य ओढून टर्की मारणारे आहेत, पण ती पुढची इयत्ता. ब्लाइंडमध्ये मागच्या खिडक्या बंद ठेवायच्या, नाहीतर मागून उजेड येतो आणि तुमची सावली हलताना दिसते. आत काळे कपडे, काळे हातमोजे, तोंडावर काळा बुरखा. पानांच्या नक्षीचे महागडे कपडे आत उलट उठून दिसतात. आणि एक गोष्ट जी बहुतेक जण सांगायला विसरतात: धनुष्यावरची नेम धरायची पिन बाणाच्या चांगली तीन-चार इंच वर असते. पिनमधून पक्षी स्वच्छ दिसतो आणि बाण मात्र खिडकीच्या खालच्या कडेत घुसतो. काकांनी बसवल्या बसवल्या मला बाणासकट पूर्ण ओढायला लावलं आणि बाहेर जाऊन बाणाचं टोक कडेच्या किती वर आहे ते स्वतः पाहिलं. स्टूल दोन इंच वाढवलं. धनुष्याचं खालचं टोक जमिनीला लागत नाही ना, तेही बघितलं.

डिकॉय, म्हणजे भुलवायला ठेवायच्या खोट्या टर्की, दोन. एक मादी, एक जेक, म्हणजे वर्षभराचा पोरगेला नर. दोन्ही ब्लाइंडपासून आठ-दहा यार्डांवर. बंदूकवाले वीस-पंचवीसवर लावतात. धनुष्याला इतकं जवळ हवं, म्हणजे नर डिकॉयच्या पलीकडे घुटमळला तरी आवाक्यात राहतो. जेकचं तोंड ब्लाइंडकडे. कारण मोठा नर जेकशी भांडायला समोरून येतो, आणि मग त्याची पाठ किंवा बाजू आपल्याकडे होते.

साडेपाचच्या आधीच झाडावरून गॉबल सुरू झाले. एक, मग पलीकडच्या घळीतून दुसरा. काकांनी पाटीवर काडी घासून माद्यांचे तीन हलके आवाज काढले, झोपेतून उठल्यासारखे. नरानं मध्येच तोडून उत्तर दिलं. काकांनी पाटी खाली ठेवली.

"अजून एकदा वाजवा ना, काका."

"कशाला? त्याला कळलंय. आता त्याला विचार करू दे."

सहाच्या सुमाराला ते खाली उतरले. पंखांचे धपाधप आवाज, मग माद्यांची कुजबुज. दुर्बिणीतून दिसला: पट्ट्याच्या टोकाला पिसारा फुलवून उभा, डोकं पांढरंफटक, गळा लाल, मधे निळं. हेच तीन रंग शिकाऱ्यानं अंगावर घालायचे नसतात. लांबून दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही नर वाटू शकता. त्याच्याबरोबर पाच माद्या. साठेक यार्डांपर्यंत आला आणि थांबला. फुलायचा, गर्रकन वळायचा, गॉबल करायचा. पुढे मात्र एक पाऊल नाही.

निसर्गात नर फुलून उभा राहतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण मादीचा आवाज काढून त्याला आपल्याकडे बोलावतो, म्हणजे त्याच्या रीतीच्या उलट वागायला सांगतो. तो विचारतो, "मी इथं आहे, तू ये की." मादी दिसतेय, पण येत नाही. त्यातून पाच जणी शेजारी असताना त्यानं सहावीसाठी का यावं? थोरल्या मादीला आमची डिकॉय आवडली नाही. तिनं एक-दोनदा खडसावलं आणि घोळका घेऊन घळीत उतरली. तो तिच्या मागे.

नवशिक्यांना सगळे सांगतात की आवाज काढायला शिका: पेटी, पाटी, टाळूला लावायचा पडदा, आणि त्यांतून येल्प, क्लक, पर असे मादीचे आवाज. मला वाटतं, धनुष्यवाल्यानं त्यावर सगळ्यात कमी वेळ घालवावा. तीन साधे येल्प आणि गप्प बसणं एवढं येत असेल तर पुष्कळ. नर साठ यार्डांवर अडतो तो आवाज वाईट म्हणून नाही. आणि दहा यार्डांवर आलेला नर निसटतो तेव्हा आवाजाचा काहीच संबंध नसतो. तिथं प्रश्न धनुष्य कधी ओढायचं एवढाच असतो.

दुपारी जेवून गोठ्यामागे रबरी टर्कीवर बाण मारले. खरा धडा तिथं झाला. टर्की फुलली की तिचा आकार दुप्पट दिसतो आणि त्यातला बहुतेक भाग नुसती पिसं असतो. हृदय-फुप्फुसांचा जो भाग बाणानं गाठायचा तो मोसंब्याएवढा. तो छातीत नसतो. वर, पाठीच्या कण्याला चिकटून, पंखाच्या मुळाशी असतो. नवशिका हरणाच्या सवयीनं पुढे आणि खाली मारतो. बाण छातीच्या मांसातून जातो, पक्षी उडून जातो आणि चार घळी पलीकडे मरतो. पिसं रक्त शोषतात, त्यामुळे रक्ताचा मागही लागत नाही.

काकांनी चिकटपट्टीचे तुकडे लावून दाखवलं. आडवा उभा असेल तर पायाच्या रेषेनं सरळ वर जायचं, जिथं पंख अंगाला जुळतो तिथं. पाठमोरा फुललेला असेल तर पिसाऱ्याच्या मुळाशी, बरोबर मधे. समोरासमोर असेल तर छातीवरची दाढी, म्हणजे केसांसारख्या पिसांचा झुबका, जिथून निघते त्याच्या किंचित वर, पण तो नेम नवशिक्यानं टाळलेला बरा. चुकायचंच असेल तर जरा मागे चुकू दे, काका म्हणाले. मांडीला लागलं तर त्याला पळता येत नाही आणि उडी घेऊन उडताही येत नाही. ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं पातं, रुंद घ्यायचं. मान उडवायला बनवलेली भली मोठी पातीही मिळतात, पण हलत्या मानेवर नेम धरायचं धाडस माझ्यात नाही.

गुरुवार

पाऊस. पावसात टर्की रानात थांबत नाही, उघड्या शेतात येऊन उभी राहते; रानात पानांवर पडणाऱ्या थेंबांमुळे तिला ना काही ऐकू येत, ना हलणारं काही नीट वेगळं दिसत. म्हणून पाऊस हा सुट्टीचा दिवस नव्हे. पट्ट्यात तीन माद्या पाठ वाकवून, पिसं चिकटलेली, नुसत्या उभ्या होत्या. नर नव्हता. दहानंतर धोधो कोसळायला लागला तेव्हा मात्र आम्ही उठलो.

ला फार्जला कॉफी प्यायलो. इथून वर किकापू नदीवर धरण बांधायचं १९६२ साली मंजूर झालं. १९७१ला काम सुरू झालं, सुमारे १४० कुटुंबांच्या जमिनी घेतल्या आणि १९७५ला काम बंद पडलं, ते कायमचं. प्रकल्पासाठी घेतलेली ती ८,६०० एकर जमीन आता राखीव आहे आणि हो-चंक या मूळ रहिवासी राष्ट्राबरोबर मिळून तिचा कारभार चालतो. अर्धवट राहिलेला काँक्रीटचा मनोरा अजून उभा आहे. काका कोयनेच्या बाजूचे धरणग्रस्त लहानपणापासून बघत आलेले. ते म्हणाले, "तिथं निदान वीज तरी झाली." पावसात फार वेळ थांबलो नाही. परतताना मोटारी न वापरणाऱ्या आमिश लोकांची घोडागाडी लागली, तिच्या मागे दहा मिनिटं गाडी रांगत नेली.

संध्याकाळी गोचिड्या काढण्याचा कार्यक्रम. मे महिन्यातल्या गवतातून हरणांच्या गोचिड्या येतात, त्यांच्यापासून लाइम रोग होतो. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक आधीच फवारलं होतं, तरी एक गुडघ्यामागे सापडलीच.

शुक्रवार

पाऊस गेला, हवा धुतलेली, थंडी पाच अंशांची. काकांनी ब्लाइंड हलवला. बुधवारी नर जिथं फुलून थांबला होता तिथंच, पट्ट्याच्या टोकाला. त्याला बोलावत बसण्यापेक्षा त्याच्या आवडत्या जागी आधीच जाऊन बसायचं. उतारावर ट्रिलियमची पांढरी फुलं उमलली होती. हलवाहलवीच्या वाटेवर एका मेलेल्या एल्मच्या बुंध्याशी काकांना मोरेल अळंबी दिसली. शिकार सोडून त्यांनी ती टोपीत भरली, मला बॅटरी धरायला लावून.

सात वाजता दोन माद्या आल्या आणि डिकॉयभोवती चरायला लागल्या. खऱ्या माद्यांसारखा डिकॉय नाही. मग आवाज आला, आधी छातीत जाणवला: फ्फट्, आणि पाठोपाठ एक खोल घुमणं. फुललेला नर असा घुमतो, आणि हे ऐकू आलं म्हणजे तो अगदी जवळ असतो. डाव्या खिडकीच्या कडेतून पिसाऱ्याचं टोक दिसलं, तपकिरी किनारीचं. पूर्वेकडच्या रानटी टर्कीची ही खूण. पाळीव टर्कीत मेक्सिकोकडच्या जातीचं रक्त असल्यानं तिच्या शेपटीची किनार पांढरी असते.

तो थेट जेककडे गेला. चोचीवरचा मांसल लोळा लांब लोंबत होता, डोकं निळं-पांढरं. जेकसमोर पंख जमिनीला घासत फिरला आणि आमच्याकडे पाठ केली. पिसारा पूर्ण उघडलेला, म्हणजे त्याचं डोकं पिसाऱ्याआड. ओढायची वेळ ती हीच: डोकं दिसत नसतं तेव्हा तोही आपल्याला बघत नसतो. काकांनी काही सांगायची गरज पडली नाही. कोपर मागे, खांदा खाली, दोरी ओठाच्या कोपऱ्याला. पिन पिसाऱ्याच्या मुळावर.

त्याच्या बरोबर पलीकडे एक मादी मान खाली घालून चरत होती.

नऊ यार्डांवरून बाण टर्कीच्या आरपार जातो. वसंतात नर किंवा दाढी असलेला पक्षीच मारता येतो. मागची मादी जखमी झाली तर कायदाही मोडतो आणि घरट्यावर बसणारी मादीही जाते. मी ताणून धरलं. तो वळला, मादी त्याच्याबरोबर सरकली. परत पाठमोरा, परत ती मागे. हात थरथरायला लागले तेव्हा तो फुललेलाच असताना दोरी सोडत आणली, तितक्याच हळू. दुसऱ्या मादीनं तेवढ्यात मान ताठ केली. पट्. पट्. हा धोक्याचा आवाज. पिसारा मिटला, तो एकदम सडपातळ झाला आणि चालत, पळत नव्हे, झुडपात गेला.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोरी परत आणणं हे ओढण्यापेक्षा अवघड आहे. घरी त्याचाही सराव करत जा." मी ते लिहून घेतलं. बाणासकट दोरी परत आणणं कुणी शिकवत नाही.

विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी तळलेले मासे खायची रीत आहे. वेस्टबीच्या एका खानावळीत माशांबरोबर राय ब्रेड आणि कोबीचं सॅलड आलं. काकांनी खिशातून लसणाच्या चटणीची डबी काढली. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी कॅमोफ्लाज पँट पाहून विचारलं, मिळाला का? पुढचा प्रश्न, किती यार्डांवर होता? धनुष्य म्हटल्यावर त्यातले एक आजोबा हसले आणि म्हणाले, बंदूक घेऊन जा.

शनिवार

पहाटे घळीतून एकच गॉबल आला, लांबून. सहा वाजले, सात वाजले. शेतकरी पलीकडच्या पट्ट्यात शेणखत पसरायला ट्रॅक्टर घेऊन आला. टर्कींना ट्रॅक्टरचं काही वाटत नाही, मला मात्र वासाचं वाटलं. आठला कॉफी संपली. बहुतेक शिकारी याच वेळेला न्याहारीला जातात, आणि काकांच्या मते तीच बसण्याची वेळ. मेमध्ये माद्या सकाळी उशिरा एकेक करून अंडी घालायला किंवा उबवायला घरट्याकडे सटकतात. दहा-अकरापर्यंत नर एकटे पडतात आणि मग शोधत फिरतात. सी तुकडी मागायची ती याचसाठी.

साडेदहानंतर काकांनी तीन येल्प वाजवले. उत्तर नाही. पंधरा मिनिटांनी झुडपाच्या कडेनं तीन लाल डोकी रांगेत आली. आवाज न करता. जेक.

जेक ओळखायला सोपा: फुलला की पिसाऱ्याची मधली पिसं बाजूच्यांपेक्षा उंच, दाढी बोटभर. मोठ्या नरांच्या धाकानं हे पोरगे फारसं ओरडत नाहीत, घोळक्यानं फिरतात आणि एकट्या डिकॉय जेकवर दादागिरी करायला मिळाली तर धावत येतात. अनेक जाणते लोक जेक सोडून देतात, पुढच्या वर्षी मोठा होईल म्हणून. काकांनी मला मंगळवारीच सांगून ठेवलं होतं: "पहिल्यांदा धनुष्यानं, कायद्यानं चालतो आणि मांस कोवळं. नाक मुरडू नकोस." मीही मुरडलं नसतंच.

दोघांनी डिकॉयवर झेप घेतली. तिसरा जरा बाजूला उभा राहून त्यांची मजा बघत होता, आडवा, त्याच्या मागे फक्त गवत. तिघांचंही लक्ष डिकॉयवर. ओढलं. पायाची रेषा, वर, पंखाचं मूळ. अकरा यार्ड. बाण सुटला ते मला कळलं नाही. कळलं ते पलीकडे गवतात बाण उभा दिसला तेव्हा. तो दोनदा पंख मारून सात-आठ पावलांवर पडला. उरलेले दोघे पळाले नाहीत. उलट पडलेल्याच्या अंगावर जाऊन त्याला टोचायला लागले, हे मला अपेक्षित नव्हतं आणि बघवलंही नाही. काकांनी ब्लाइंडची चेन उघडली तेव्हा ते गेले.

मी जवळ जाऊन बसले. ऊन पडल्यावर पिसं तांब्याची, हिरवी, मधेच जांभळी दिसतात. लांबून हा पक्षी काळा वाटतो. हात लावला तर अंग गरम. काका म्हणाले, "बस पाहिजे तेवढी," आणि डिकॉय गोळा करायला गेले.

नेताना पक्ष्यावर नारिंगी कापड गुंडाळलं. रानात पंख लोंबकळत टर्की खांद्यावरून नेणं म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याच्या नेमात चालणं. नोंदणी फोनवरच झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत असते. वजन साडेचौदा पौंड भरलं. गोठ्याच्या नळाशी काकांनी कातडी सोलायला शिकवलं. सगळी पिसं उपटत बसायचं नसेल तर छातीपासून कातडंच सोलायचं, मग छातीचे दोन तुकडे, मग मांड्या. अनेक जण इथं छाती घेतात आणि बाकी टाकतात. ते मला मुळीच पटत नाही, आणि काकांना तर त्याचा राग येतो. एक मांडी शेतकऱ्याला दिली.

संध्याकाळी काकांच्या घरी काकूंनी टर्की ताब्यात घेतली. रानटी पक्ष्याच्या तंगडीत हाडाला समांतर कडक शिरा असतात, नुसतं भाजून ती चावत नाही. काकूंनी आलं-लसूण लावून कुकरला लावली, सहा शिट्ट्या, मग मंद आचेवर वीस मिनिटं. तोवर कांदा-खोबरं भाजून कोल्हापुरी चटणीचा तांबडा रस्सा. छातीचे पातळ काप वेगळे तव्यावर, मोरेल लोण्यात परतून शेजारी. रश्श्याला चव होती. काप मला जरा कोरडे वाटले, काकू म्हणाल्या पुढच्या वेळी दह्यात रात्रभर ठेवू.

जेवताना आईला व्हिडिओ कॉल लावला. तिनं आधी रस्सा बघितला, मग धनुष्य. काका एकीकडे लॅपटॉपवर शिल्लक परवान्यांचं पान उघडून बसले होते. आमच्या झोनमधले एफ तुकडीचे काही अजून विकायचे होते. तेव्हा पानं दाट, डास भरपूर, पण नर एकटे. मी कॅलेंडर बघितलं आणि एक घेतला.